बापाच्या तोंडचे संवाद

पत्र

ताई, मी मुंबई पोलिसांत हवालदार आहे. नायगावच्या पोलीस वसाहतीत राहतो. मुलगा नववीत आहे. परवा त्याच्या गणिताच्या वह्यांखाली एक जाड फुलस्केप वही सापडली. वहीभर सुपरहिरोचं कॉमिक काढलंय. परळच्या एका बंद मिलमध्ये रात्रीच्या वॉचमनचा खून होतो आणि एक बाप-लेक मुखवटे घालून त्याचा छडा लावतात. बाप दिवसा पोलीस हवालदार, रात्री लालबागच्या पुलावरून उडतो. पोरगा त्याचा साथीदार. चित्रं चांगली आहेत, एवढं मला कळतं. बापाच्या तोंडापाशी बोलण्याचे फुगे काढून ठेवलेत, पण बरेचसे रिकामेच आहेत, म्हणजे काम अर्धवट टाकलंय. एका पानावर बाप एका संशयिताला सातव्या मजल्यावरून पायाला धरून उलटा लटकवतो आणि तो लगेच कबूल होतो. ते पान बघून मला रात्रभर झोप आली नाही. इतकी नोकरी झाली, मी कुणाला असं केलेलं नाही. बायको म्हणते, पोराच्या डोक्यात खून शिरलाय, वही काढून घ्या, पुढच्या वर्षी दहावी आहे. मध्यंतरी त्याने मला विचारलं होतं, "पप्पा, खून झाला की पोलीस सगळ्यात आधी काय करतात?" मी रात्रपाळी करून आलो होतो. म्हटलं, अभ्यास कर. मी स्वतः लहानपणी रद्दीवाल्याकडून वेताळची (इंग्रजीतला फँटम) कॉमिक्स आणून वाचलीत, त्यामुळे ओरडायला तोंडही नाही. काय करू?

– एक हवालदार, नायगाव

उत्तर

दादा,

वही काढून घेऊ नका. त्याच्या हातात द्या आणि "मी वाचली" हे स्वतःहून सांगा. गुपचूप होती तिथे ठेवून दिलीत तर आज ना उद्या त्याला कळेलच, आणि मग पुढची वही तुम्हाला कधीच सापडणार नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून टाकली आहे आणि मी तिथेच अडकले. बापाचे फुगे रिकामे आहेत. तुम्ही त्याला अर्धवट काम म्हणता. पुन्हा एकदा वही उघडून बघा, पोराच्या तोंडचे फुगे भरलेत का? वॉचमनच्या बायकोचे? खुन्याचे? मला वाटतं ते भरलेले असणार. कॉमिक काढणारा माणूस बहुतेक वेळा आधी शब्द ठरवतो आणि मग त्यांच्याभोवती फुगा काढतो, कारण मजकूर किती आहे त्यावर फुग्याची जागा ठरते. तुमच्या मुलाने फुगा आधी काढून ठेवलाय. इथे पप्पा बोलणार हे त्याला पक्कं माहीत आहे. काय बोलणार ते माहीत नाही. खुनाच्या जागी उभा असलेला हवालदार काय बोलतो, हे सांगू शकेल असा एकच माणूस त्याच्या ओळखीचा आहे, आणि त्या माणसाला त्याने विचारूनही पाहिलं होतं.

हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी सकाळी खुनाच्या तपासाबद्दल बोलायचं नसतं, हे कुणालाही समजेल. २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यातून आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. तो का करावा लागला, हे तुमच्या वसाहतीतल्या कुठल्याही घरात विचारलं तरी सांगतील. गणपतीत सगळ्यांचे बाप मुलांना खांद्यावर घेऊन लालबागला जातात, तेव्हा पोलिसाचा मुलगा आपल्या बापाला दोरीच्या पलीकडे उभा असलेला बघतो. त्या मुलाला घरी आलेला बाप माहीत असतो: थकलेला, बूट काढून पंख्याखाली आडवा झालेला. बाहेरचा बाप कसा आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मग तो आपल्या मनाने त्याला मुखवटा घालतो आणि पुलावरून उडवतो.

तुम्ही वेताळ वाचलाय म्हणून एक आठवण करून देते. १९३६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या त्या मालिकेतला पहिला वेताळ शपथ घेतो ती आपल्या बापाला मारणाऱ्याच्या कवटीवर हात ठेवून. नंतर प्रत्येक वेळी बाप मरतो आणि मुलगा तोच पोशाख चढवतो. म्हणजे तुम्ही रद्दीच्या दुकानातून घरी आणत होतात तीही बाप, मुलगा आणि खून यांचीच गोष्ट होती. १९३९ मध्ये आलेल्या बॅटमॅनचंही तेच, लहानपणी डोळ्यांदेखत आईबापांचा खून. पुढच्याच वर्षी त्याच्या सोबतीला आलेला रॉबिन, त्याचेही आईबाप मारलेलेच. १९६२ च्या स्पायडरमॅनचा काका मारला जातो. या जातीच्या गोष्टींत बापमाणूस आधी मरतो आणि त्याच्या जाण्याने मुलगा हिरो होतो, ही जवळजवळ रीतच आहे.

तुमच्या मुलाने ती मोडली आहे. त्याच्या कॉमिकमध्ये मारला गेलाय तो मिलचा वॉचमन. बाप जिवंत आहे, पहिल्या पानापासून सोबत आहे आणि दोघं मिळून एक काम करतायत. नववीतल्या मुलाने कुणी न शिकवता असा विचार केला, याचं मला फार अप्रूप वाटलं. तुम्हीही ते त्याला बोलून दाखवा. "चित्रं छान आहेत" एवढ्यावर थांबू नका, ते सगळेच म्हणतात.

रॉबिनबद्दल आणखी एक. बॅटमॅनच्या गोष्टी लिहिणारे बिल फिंगर यांनी तो का आणला याचं कारण सांगून ठेवलंय: बॅटमॅनला बोलायला कुणी नव्हतं. एकटा हिरो सगळा विचार मनातल्या मनात करत राहतो आणि गोष्ट पुढे सरकत नाही. साथीदार आला की त्याला प्रश्न विचारता येतात आणि हिरोला उत्तरं द्यावी लागतात. तुमच्या घरातल्या साथीदाराने प्रश्न विचारून झालाय.

आता त्या सातव्या मजल्याच्या पानाकडे येते, कारण तुमची झोप त्याने उडवली आहे. "माझा मुलगा मला असा समजतो का?" हा तुमचा खरा प्रश्न आहे, तुम्ही तो लिहिला नसलात तरी. मला नाही वाटत तसं. हिरो मारतो आणि गुन्हेगार पोपटासारखा बोलायला लागतो, हे त्याने शंभर ठिकाणी पाहिलं असेल. तपासातली ती जागा कशी भरायची हे माहीत नव्हतं, म्हणून हाताशी होतं ते भरलं. ते पान फाडायला लावू नका. "हे चुकीचं आहे, पोलीस असं करत नाहीत" एवढं बोलूनही उपयोग नाही. कधी कधी काही जण करतात, हे तोही बातम्यांत वाचतो, आणि तुमच्या सरसकट वाक्यावर त्याचा विश्वास बसणार नाही. त्यापेक्षा त्याला विचारा, "हा लटकवलेला माणूस खरं बोलतोय कशावरून?"

सातव्या मजल्यावरून खाली डोकं करून लटकणारा माणूस कशालाही हो म्हणेल. त्याने खून केला नसेल तरी म्हणेल. मग पुढच्या पानावर तो निर्दोष निघाला तर? भीतीपोटी खोटं बोलला, बाप-लेक समजले आपण जिंकलो, आणि खरा खुनी परळ स्टेशनच्या पुलावर गर्दीत आरामात चालतोय! मला विचाराल तर सगळ्या कॉमिकमधलं सर्वांत जोरदार वळण तिथे आहे. आणि बापाचा एक रिकामा फुगा तिथे नक्की असेल, चूक लक्षात आल्यावर तो मुलाला काय म्हणतो त्याचा. तो फुगा तुम्ही भरायचा.

कायद्याचं तुम्हाला मी काय सांगणार, पण त्याला सांगण्याजोगं आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हे १८७२ च्या पुरावा कायद्यात होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य अधिनियमातही, कलम २३ मध्ये, तसंच राहिलंय. मात्र आरोपीने "सुरा कुठे टाकला ते दाखवतो" म्हटलं, पोलीस पंचांना घेऊन त्याच्या मागोमाग गेले आणि सुरा खरोखर तिथे मिळाला, तर त्या वस्तूपर्यंत नेणारं तेवढं बोलणं ग्राह्य धरता येतं. तुमच्या भाषेत मेमोरँडम पंचनामा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सांगून बघा. शिवडीच्या खाडीत ओहोटी, चिखलात गुडघाभर उतरलेले पोलीस, काठावर चपला हातात घेऊन उभे असलेले दोन पंच, आणि बेड्या घातलेला हात एका खारफुटीच्या झुडपाकडे बोट दाखवतोय. उडण्यापेक्षा हे चित्र काढायला अवघड आहे आणि तो ते काढेल.

मी काही वर्षं फोर्टच्या सत्र न्यायालयात खटल्यांच्या बातम्या करत असे. खुनाच्या खटल्यात गर्दी होते ती डॉक्टरच्या किंवा तपास अधिकाऱ्याच्या साक्षीला. मला मात्र आठवतो तो कॅरिअर. म्हणजे मुद्देमालाची पाकिटं पोलीस ठाण्यातून कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत नेऊन देणारा हवालदार. त्याची साक्ष दहा-पंधरा मिनिटांत आटोपते आणि पेपरात त्याबद्दल एक ओळसुद्धा येत नाही. असाच एक जण पिंजऱ्यात उभा होता. बचावाचे वकील नामांकित, आवाज चढवून विचारत होते.

"पाकीट तुमच्या ताब्यात आलं तेव्हा सील होतं?"

"होय साहेब. लाखेचं सील, लेबलवर दोन्ही पंचांच्या सह्या."

"आदल्या रात्री कुठे होतं?"

"मुद्देमाल कोठडीत."

"चावी?"

"मुद्देमाल कारकुनाकडे. रजिस्टरला नोंद आहे, वेळेसकट."

"वाटेत कुठे थांबलात?"

"नाही साहेब. सरळ कलिन्याला. पोच आणून त्याच दिवशी जमा केली."

वकिलांनी आणखी तीन-चार बाजूंनी तेच विचारलं आणि शेवटी खाली बसले. त्या पाकिटात आरोपीचा शर्ट होता. वाटेत त्यात काही मिसळलं असेल असं म्हणायला जागा उरली असती, तर शर्टावरच्या रक्ताचा सीए रिपोर्ट, म्हणजे प्रयोगशाळेचा रासायनिक तपासणीचा अहवाल, कितीही चांगला असता तरी लंगडा पडला असता. एका माणसाने पाकीट नीट सांभाळून नेलं आणि पोच जपून ठेवली, त्यावर खटल्याचा तो भाग उभा राहिला. हे काम तुम्ही केलं असेल. कदाचित इतक्या वेळा केलं असेल की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तुम्हाला वाटतच नाही. मुलाला सांगा. कॉमिकमधल्या बापाला एक खाकी पाकीट घेऊन परळहून कलिन्याला जायचंय, खुन्याची माणसं मागावर आहेत आणि सील तुटता कामा नये. चार पानं तर सहज होतील.

त्याने विचारलं होतं ना, सगळ्यात आधी काय करतात? तुम्ही आता उत्तर द्या, आणि पुस्तकातलं नको. तुम्ही स्वतः काय करता ते. लोकांना मागे सारणं, कुणी कशाला हात लावणार नाही हे बघणं, दोरी बांधणं. जमलेल्या गर्दीतून पंच मिळवणं, जेव्हा प्रत्येकाला नेमकी तेव्हाच घाई असते. साहेब, फोटोग्राफर, ठसेतज्ज्ञ, श्वानपथक येईपर्यंत मृतदेहाजवळ उभं राहणं. मग इन्क्वेस्ट, म्हणजे मृतदेहाचा पंचनामा, मग शवविच्छेदनासाठी केईएमला नेणं. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेने, झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायला सांगितलंय आणि सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी येण्याचीही तरतूद केली आहे. म्हणजे मुखवटा घातलेल्या बाप-लेकांनी मिलमध्ये घुसून सुरा उचलून आणला तर तो उलट आरोपीच्याच पथ्यावर पडणार. त्यांना सुरा दिसला तरी हात न लावता पोलिसांना तिथवर आणावं लागेल. या अडचणी मुलापुढे ठेवा आणि मार्ग त्याला शोधू द्या. तुम्ही गोष्ट रचायला लागलात की ती त्याची राहणार नाही.

आणि घरच्यांना बातमी देणं. हवालदाराच्या वाट्याला हे किती वेळा येतं, याची बाहेर कुणाला कल्पना नसते. वॉचमनच्या बायकोचं दार वाजवायला कॉमिकमधला बाप जाणारच आहे. तिथे काय बोलतात, आधी आत बसायला सांगतात की दारातच बोलतात, पाणी कोण आणतं, हे तुम्ही त्याला जमेल तेवढं सांगा. नाही जमलं तर "हे मला बोलायला जड जातं" असं म्हणा. ते वाक्यसुद्धा तो फुग्यात लिहू शकतो.

दोन पथ्यं मात्र पाळा. चालू तपासातलं काही सांगायचं नाही, आणि निकाल लागलेल्या प्रकरणातलंही नाव, पत्ता, वस्ती बदलूनच. वही शाळेत जाणार, मित्र बघणार, त्यांच्यातला कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकणार. ज्यांच्या घरात खून झाला त्यांना ते तसं भेटता कामा नये. हे मुलालाही कारणासकट समजावा, त्याला ते पटेल. दुसरं, मृतदेहांचे फोटो तुमच्या फोनमध्ये असतील तर ते त्याला दाखवायचे नाहीत, त्याने कितीही गळ घातली तरी.

वहिनींची काळजी मी हसण्यावारी नेत नाही. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात ही भीती जुनी आहे. अमेरिकेत १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने त्यावर पुस्तक लिहून रान उठवलं. सिनेटच्या समितीने सुनावण्या घेतल्या आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली, ती पार २०११ पर्यंत रखडत चालली. पुढे वर्थमची मूळ कागदपत्रं अभ्यासकांना खुली झाली, तेव्हा कॅरल टिली या संशोधिकेने २०१२ मध्ये दाखवून दिलं की मुलांच्या मुलाखतींतलं बरंच काही त्याने बदललं किंवा गाळलं होतं. तेव्हा खुनाचं चित्र काढलं म्हणून मुलाच्या मनात खून आहे, असं धरून चालू नका. तुमचा मुलगा खून कसा करावा हे काढत नाहीये. खून झाल्यावर काय करावं हे काढतोय. पोलिसाच्या घरात वाढलेल्या मुलाला हा प्रश्न पडला तर त्यात विचित्र काय?

लक्ष कुठे ठेवायचं तेही सांगते. वहीतला मेलेला माणूस वर्गातल्या एखाद्या खऱ्या मुलाच्या नावाचा असेल, गोष्ट मागे पडून पानामागून पान नुसत्या जखमाच येत असतील, किंवा त्याचं जेवण, झोप, मित्र तुटत चालले असतील, तर थांबू नका. शाळेच्या समुपदेशकांशी बोला. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस फोन सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तुमच्या पत्रात मला यातलं काही दिसलं नाही.

वेळेचं काय, हे तुम्ही विचारणार. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी अर्धा तास पुरे, आणि ती रद्द झाली तर त्याला तसं सांगून दुसरा दिवस द्या. समोरासमोर बसून "बोल आता" म्हणू नका, या वयाची मुलं अशाने गप्प होतात. वही मध्ये ठेवा, पेन्सिल त्याच्या हातात असू द्या आणि एकेका फुग्यावर बोट ठेवून विचारा, "इथे काय चाललंय?" मग इथे तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात ते सांगा. त्याने लिहिलेलं वाक्य तुम्ही बोललात तसंच असेल असं नाही. तो हिरोच्या तोंडी शोभेलसं करून घेईल. करू द्या.

मुखपृष्ठावर तुमचं नाव घालायचं म्हणाला तर नको म्हणू नका. बिल फिंगर यांचं नाव बॅटमॅनच्या निर्मात्यांत अधिकृतपणे यायला २०१५ उजाडलं, आणि तोवर ते जाऊन चाळीस वर्षं उलटून गेली होती. खात्याच्या दृष्टीने खरं नाव अडचणीचं वाटत असेल तर दोघांनी मिळून टोपणनाव शोधा.

दहावीबद्दल वहिनींना एवढंच सांगा की अभ्यासाची वेळ ठरवा आणि वहीची वेळही ठरवा, एक दुसरीची शिक्षा होऊ देऊ नका. शिवाय कला संचालनालयाच्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. त्याने त्याआधीची एलिमेंटरी परीक्षा दिली आहे का आणि इंटरमिजिएटचे फॉर्म कधी भरतात, हे याच आठवड्यात शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांना विचारून घ्या.